करवत तांडेलांची, पंप सोनावण्याचा

जनार्दन तांडेलांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की ते आधी ती वाकवून बघत. वर-वधूची नावं, मुहूर्त, कार्यालय यातलं काहीही वाचत नसत. पुठ्ठा अंगठ्यात आणि बोटात धरून वाकवायचा, नखाने खरवडायचा आणि मग चेहरा खुलायचा किंवा पडायचा. "जाड हाय," असं म्हणाले की समजायचं, पत्रिका पास झाली. माझ्या नणंदेच्या लग्नात सासूबाईंनी काटकसर म्हणून पातळ कागदावर पत्रिका छापून घेतल्या होत्या. त्यातली एक मी मोठ्या अगत्याने तांडेलांना दिली, तर ती दोन बोटांत धरून त्यांनी मला परत केली. "बाय, ही नको. दुसरी नाय का?" लग्नाला मात्र ते कुणाच्याच येत नसत.

मी तेव्हा पालिकेच्या उद्यान खात्यात लिपिक होते. उद्यान म्हटलं की लोकांना फुलं आठवतात. आमच्या खात्याच्या वाट्याला मुख्यतः पडलेली नाहीतर पडायला आलेली झाडं येत. झाड तोडायचं तर जागेवर जाऊन पंचनामा करावा लागे, आणि आमच्या निरीक्षकसाहेबांना ऊन सोसत नसे. त्यामुळे पंखा साहेबांना आणि पंचनामा मला, अशी वाटणी आपोआप झालेली होती. आठवड्यातले निम्मे दिवस मी टेंपोत बसून कल्याण-डोंबिवलीभर झाडांच्या मागे फिरे, आणि त्या टेंपोत तांडेल असत.

तांडेल आमचे करवतवाले. पण त्यांची करवत साधी नव्हती. खात्याकडे एक हायड्रॉलिक चेन सॉ आली होती. चाकांच्या गाड्यावर एक इंजिन आणि पंप, त्याला जोडलेले दोन लांबच लांब पाईप आणि पाईपांच्या टोकाला करवत. पंप तेलाला दाब देतो, ते तेल एका पाईपातून जाऊन करवतीची साखळी फिरवतं आणि दुसऱ्या पाईपातून परत येतं. इंजिन दूर जमिनीवर राहतं, त्यामुळे हातातली करवत हलकी राहते. हे मला तांडेलांनी पहिल्याच दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावलं, आणि तिसऱ्या दिवशी मी मान डोलावली तरी समजावलं. त्यांना वाटे की एकदा सांगितलेलं माणसाच्या डोक्यात फक्त पाहुणं म्हणून येतं, राहायला येत नाही.

आता पत्रिकांचं. पाईपातल्या तेलाला दाब इतका असतो की पाईपाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तर बाहेर येणारी धार डोळ्यांना दिसतही नाही. पण तिच्या आड बोट आलं तर ती सुईसारखी कातडीतून आत जाते. म्हणून गळती हाताने कधीच शोधायची नाही. तांडेल पत्रिका एका लांब काठीच्या टोकाला खोचत आणि ती पाईपावरून सावकाश फिरवत. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटला की काम बंद. कुणाच्या तरी शुभविवाहावरचा गणपती रोज सकाळी असा पाईपावरून फिरताना पाहून मला हसू येई, पण हसायची सोय नव्हती. हसलं की ते सगळं पहिल्यापासून समजावत.

जागेवर पोचलो की आधी चुन्याची पिशवी निघे. झाडाची उंची डोळ्यांनी जोखायची आणि तिच्या दुप्पट अंतरावर झाडाभोवती पांढरी रेघ ओढायची. रेघेच्या आत माणूस नको, मूल नको, वाळत घातलेले कपडे नकोत. मग झाड कुठल्या बाजूला झुकलंय ते बघायचं आणि ते पडताना आपण मागे तिरपं कुठून सटकायचं ती वाट झाडून ठेवायची. वरून विजेच्या तारा जात असतील तर वीजवाले येऊन प्रवाह बंद करेपर्यंत बसून राहायचं. पाईपांची तोंडं स्वच्छ फडक्याने पुसायची. परतीचा पाईप आधी जोडायचा, दाबाचा नंतर. साखळी ताणून बघायची तीही इंजिन बंद असताना आणि हातमोजा घालून. मग इंजिन चालू करून तेल कोमट होऊ द्यायचं. एवढं झाल्यावर डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, आणि मगच करवतीचा खटका.

या सगळ्याला इतका वेळ लागे की जमलेल्या बघ्यांपैकी निम्मे घरी जाऊन जेवून येत. कुणी कुरकुर केली तर तांडेलांचं उत्तर ठरलेलं. "घाई मना नाय, झाडाला नाय. तुमालाच कशाला?"

डोंबिवलीत एका सोसायटीच्या आवारात वठलेला शिरीष पाडायचा होता. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ गॅलरीत पेपर वाचत बसले होते आणि गॅलरी रेघेच्या आत येत होती. ते उठेनात. माझ्या घराच्या गॅलरीत बसायला मला पालिकेची परवानगी नको, असं त्यांनी मला पेपरातून मान वर न काढता ऐकवलं. मी हुज्जत घालायला पदर खोचला होता, पण तांडेलांनी करवत खाली ठेवली, हेल्मेट काढलं आणि रेघेबाहेर मांडी घालून बसले. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. अर्धी सोसायटी ताटकळली. शेवटी त्या गृहस्थांच्या पत्नीनेच आतून येऊन पेपर काढून घेतला आणि म्हणाल्या, "उठा हो, पाणी भरायचं राहिलंय सगळ्यांचं." गृहस्थ उठले. तांडेलही उठले आणि पुन्हा पहिल्यापासून पाईप पुसायला लागले.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. तांडेल चक्क आले, कळव्याहून करकरीत इस्त्रीचा शर्ट घालून. स्वयंपाकघरात सासूबाई कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ घालवत होत्या. दारातून ते दृश्य दिसताच तांडेल ओरडले, "आजी, हात काढा!" सासूबाईंच्या हातातला चमचा उडून फोडणीच्या डब्यात पडला. तांडेलांनी गॅस बंद केला आणि दोन्ही हात पसरून कुकरसमोर उभे राहिले. "दाब आपला आपन उतरतो. त्याला येल द्यायला लागतो." बाहेर पानं मांडलेली, पोरं भुकेने केकाटणारी, आणि आत हा माणूस कुकरवर पहारा देतोय. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुमच्या ऑफिसातले आहेत की मुनसिपाल्टीने आपल्यावर सोडलेत?" पण त्यानंतर त्यांनी शिट्टीला कधी चमचा लावला नाही, हेही सांगायला हवं.

असा हा अखंड बोलणारा माणूस एका माणसाशी मात्र अवाक्षर बोलत नसे. तो माणूस म्हणजे त्यांचा जोडीदार, भगवान सोनावणे.

सोनावणे पंपावर असे. मोहन्याचा. वडील तिथल्या कारखान्यात होते, हा आमच्याकडे लागला. तांडेलांपेक्षा बराच लहान, हसतमुख, बोलायला मोकळा. करवतीवर एक आणि पंपावर एक अशी दोन माणसं या कामाला लागतातच, आणि इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून सगळं हाताच्या खुणांवर चालतं. मूठ वर म्हणजे थांब. तळहात खाली म्हणजे हळू. बोट गोल फिरवलं म्हणजे चालू कर. या दोघांच्या खुणा बघण्यासारख्या होत्या. तांडेलांचा हात पुरता उठायच्या आत सोनावण्याचा हात खटक्यावर गेलेला असे. इतकं एकमेकांना ओळखणारं जोडपं मी लग्न झालेल्या माणसांतही फार बघितलेलं नाही.

इंजिन बंद झालं की मात्र संपलं. टेंपोत दोघं पाठीला पाठ लावून डबा खात आणि मध्ये मी. "बाय, त्याला सांगा, तेलाची पातळी बघून ठेव." मी वळून सांगायची, "सोनावणे, तेलाची पातळी बघा." हातभर अंतरावर बसलेला सोनावणे, ज्याने ते आधीच ऐकलेलं असे, मला सांगायचा, "बघितली म्हणावं, मॅडम." मी पुन्हा वळायची. सुरुवातीला मजा वाटली, मग वैताग आला आणि मग सवय झाली. सरकारी नोकरीत असल्याने कागद इकडून तिकडे सरकवायची मला सवय होतीच, त्यात ही दोन माणसं वाढली.

कारण सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मी खात्यात येण्याआधीची गोष्ट. पाईप कुठूनतरी गळत होता. सोनावण्याने हात लावून गळती शोधली आणि तेलाची धार त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली. काटा टोचावा तेवढंच दुखलं. हळद लावून तो काम करत राहिला. संध्याकाळी हात कोपरापर्यंत सुजला आणि शेवटी डॉक्टरांना ते बोट काढावं लागलं. त्याच्या मूर्खपणाने यंत्राला बट्टा लागला, पावसाळाभर करवत कुलपात पडली, म्हणून तांडेलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, असं सगळे सांगत. मलाही ते पटलं होतं. शिस्तीच्या माणसांचा राग असाच असतो, काही केल्या निवत नाही.

त्या वर्षी थंडी सरता सरता सोनावण्याने बदलीचा अर्ज दिला. मोहन्याजवळच्या पंप हाऊसवर जागा निघाली होती. अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी त्याला बोलावलं.

"घराजवळ पडेल म्हणून ना?"

"ते पण आहे, मॅडम." तो हसला आणि मग हसणं आवरलं. "खरं सांगू? कंटाळलो. चूक केली मी, मान्य. बोट गेलं ना माझं? मग अजून किती दिवस शिक्षा? पंप हाऊसला पंपाबरोबर राहीन. तो आवाज तरी करतो."

तो जायला उठला आणि दारातून परत आला. "दादांनी एकदा तोंडाने 'थांब' म्हटलं ना, तर अर्ज मागे घेतो. आईशप्पथ. पण त्यांना सांगू नका हां."

सांगू नका म्हटलेली गोष्ट मी कधीच पोटात ठेवलेली नाही. अर्ज साहेबांपुढे जायच्या आत मी तांडेलांना गाठलं. पाठीमागच्या शेडमध्ये ते साखळीचे दात कानशीने घासत बसले होते. मी सगळं सांगितलं, आणि वर माझ्या पदरचंही ऐकवलं. "चुकला बिचारा. एवढा कसला तो राग? एक शब्द बोललात तर माणूस राहील तुमच्याजवळ."

तांडेल घासत राहिले. मग कानस खाली ठेवली.

"राग? मना कसला राग, बाय?"

"मग बोलत का नाही त्याच्याशी?"

"त्या दिवशी मीच बोललू त्याला. गलतंय कुठनं, हात लावून बघ, असं. मना घाई झाली होती. पावसाचं पानी यायच्या आत झाड पाडायचं होतं." ते माझ्याकडे बघत नव्हते, साखळीकडे बघत होते. "त्यानं लगेच हात घातला. मी सांगितलं म्हनून. काय इचारलं नाय, काय नाय. पोरगा होता तेवा. माझ्या सांगन्यावर त्याचं बोट गेलं. आता परत कुठल्या तोंडानं सांगू त्याला?"

मी स्टूल ओढून बसले.

"खुना ठीक हायत," ते म्हणाले. "खुनेत चूक होत नाय. आन बाकी तुमच्या तोंडून जातं. तुमच्या तोंडून गेलं की मदी एक डोकं येतं. मी उलटंसुलटं काय बोललू तर तुमी आडवाल."

मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांचे निरोप कानाने घेऊन तोंडाने सोडत होते. एकाही निरोपाचा मी विचार केला नव्हता. आणि हा माणूस माझ्या भरवशावर बसला होता.

"मग हेच त्याला सांगा ना," मी म्हटलं. "आणि थांब म्हणा. तो वाटच बघतोय."

"थांब म्हनू?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "परत माझ्याच शब्दावर? थंडीत त्याचा हात ठनकतो, बाय. काखेत दाबून बसतो, कोन बघत नाय असं बघून. मना दिसतं ना. इंजिनाचा हादरा बसला की जास्त. आन मी त्याला थांब म्हनू?" त्यांनी कानस उचलली. मला जे कळायचं ते कळलं, आणि मी उठले.

अर्ज मंजूर झाला. सोनावण्याचं शेवटचं काम शहाडच्या रस्त्याला होतं. शाळेच्या भिंतीवर कललेलं एक जुनं जांभळाचं झाड. शाळेला सुट्टी होती, रस्ता निवांत होता. मी पंचनामा लवकर उरकला आणि रेघेबाहेर सावलीत उभी राहिले.

दोघांनी झाड फार सुंदर उतरवलं. वरच्या फांद्या दोराने बांधून एकेक खाली, मग खोड. तांडेल पाय रोवून, दोन्ही हातांनी करवत छातीखाली धरून उभे. साखळीच्या पट्टीचं टोक कशालाही लागू नये म्हणून मान तिरकी. सोनावण्याची नजर त्यांच्या हातावरून हलत नव्हती. झाड कलंडलं ते भिंतीला न लागता, मोकळ्या जागेत, हळूच अंग टाकल्यासारखं. तांडेलांची मूठ वर गेली. इंजिन थांबलं. करवतीचा खटका दाबून त्यांनी उरलेला दाब उतरवला, आणि सोनावणे पाईप सोडवायला वाकला.

आता कुठलं झाड, कुठला पंचनामा. मला एवढंच बघायचं होतं की हा माणूस बोलतो की नाही.

तांडेल हेल्मेट काढून त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सोनावणे."

सोनावणे वाकल्या जागीच थिजला. मग सवयीने त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान दुसरीकडे वळवली.

"जा तू," तांडेल म्हणाले. "पंप हाऊसला छप्पर हाय. हाताला हादरा नाय. बायको-पोरं जवल हायत. जा."

"दादा, मी तर..." पाईप त्याच्या हातात तसाच होता. "तुम्ही एकदा थांब म्हटलं असतं ना..."

"माहीत हाय. बायनं सांगितलं. मना थांबच म्हनायचंय. म्हनून तर जा बोलतंय." त्यांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. "त्या दिवशी हात लाव असं मी बोललू. तुझी चूक नवती. हे कवाच सांगायला पायजे होतं."

सोनावणे उभा राहिला. डाव्या हाताने त्याने कपाळावरचा घाम पुसला. "काहीतरीच काय, दादा. तुम्ही बोलायच्या आधीच मी हात घातलेला. तुमचा आवाज मागून आला."

"नाय रे."

"हो म्हणतोय ना. हात माझा होता, मला आठवत नसेल?"

हे खरं होतं की त्याने तिथल्या तिथे रचलं, ते मला आजही माहीत नाही. सोनावण्याला मी पुढे कधी विचारलं नाही. तांडेल मात्र खाली पडलेल्या जांभळावर बसले आणि तोंडावर हातमोजा धरून रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. सोनावणे त्यांच्या शेजारी बसून राहिला. टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी त्याला हातानेच गप्प केलं.

सोमवारी पंपावर नवा माणूस आला. तांडेल त्याच्याशी दिवसभर बोलत होते. चुना, पाईप, पुठ्ठा, साखळी, सगळं पहिल्यापासून. मधे बसून निरोप पोचवायचं माझं काम संपलं होतं. तरी डबा खाताना तांडेल बसत ते नव्या माणसाकडे पाठ करूनच. त्याला वाटलं, म्हातारा तिरसट आहे.

शनिवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि उगाच कॅलेंडर बघत उभे राहिले.

"बाय, मोहन्याला जायला शहाडला उतरतात का आंबिवलीला?"

"आंबिवलीला. जवळ पडतं. उद्या जाताय?"

"बघतंय." ते थोडे घुटमळले. "रिकाम्या हातानं कसं जायचं? सकाली कळव्यास्नं ताजी मासली घेऊन जायची म्हनतंय. पन बोंबील न्यावं का कोलंबी न्यावी? इतकी वरसं एका टेंपोत जेवलू, त्याला काय आवडतं मना ठाऊक नाय."

मलाही ठाऊक नव्हतं. टेबलावर फोन होता. पंप हाऊसचा नंबर लावून मी रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कानाला लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर इतक्या मोठ्याने ओरडले की साहेब केबिनमधून बाहेर आले.

"सोनावणे! मी बोलतंय! मी!"